सणांच्या निमित्ताने सहावी ते आठवीच्या वर्गात संगीत कसे शिकवावे?

प्रश्न

नमस्कार. मी सहावी ते आठवीच्या मुलांना संगीत शिकवते. वर्षातून काही वेळा असे होते की एखादा सण तोंडावर येतो, शाळेला त्या निमित्ताने कार्यक्रम हवा असतो आणि संगीताचे सगळे तास एकाच गाण्याच्या तालमीत खर्ची पडतात. कार्यक्रम चांगला होतो, पालक समाधानी असतात. परंतु त्यानंतर त्याच मुलांना त्याच गाण्याचा ताल विचारला किंवा त्यातली एखादी ओळ सरगम म्हणून गायला सांगितली, तर बहुतेकांना ते जमत नाही. गाणे तोंडपाठ असते, पण त्यातून दुसऱ्या गाण्याला उपयोगी पडेल असे हाती फारसे लागलेले नसते.

सणाचा उत्साह वर्गात असतो, तो वाया जाऊ नये असे मला मनापासून वाटते. तेव्हा सणाचे संगीत हाच विषय धरून तास घ्यायचे असतील तर ते कसे आखावेत, याबद्दल अनुभवी शिक्षकांचे मत हवे आहे. अडचणी अशा आहेत. या वयातल्या मुलांना लहान वर्गातली टाळ्या-घंटांची गाणी आता बालिश वाटतात. सातवी-आठवीतल्या काही मुलांचा आवाज फुटू लागला आहे आणि ती गाण्याच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसतात. वर्गात वेगवेगळ्या श्रद्धांच्या घरांतली मुले आहेत, त्यामुळे कोणत्या सणाचे काय घ्यावे हाही प्रश्न आहेच. साधने म्हणाल तर एक हार्मोनियम, एक छोटा की-बोर्ड आणि थोडी तालवाद्ये आहेत.

उत्तर १

ताई, आपण मांडलेली अडचण फार जणांची आहे. माझ्या मते तिचे मूळ गाण्याच्या निवडीत नसून क्रमात आहे. आपण आधी गाणे ठरवतो आणि मग त्यातून काही शिकवता येईल का ते पाहतो. हा क्रम उलटा करावा. या पंधरवड्यात वर्गाला कोणती एक सांगीतिक गोष्ट यायला हवी ते आधी ठरवावे आणि ती गोष्ट ज्या सणाच्या गाण्यात ठळकपणे दिसते ते गाणे घ्यावे. एका गाण्यातून एकच गोष्ट. सगळे एकदम शिकवायला गेलो की पुन्हा तालीमच उरते.

उदाहरणे देतो. अवरोह शिकवायचा असेल तर नाताळात गायले जाणारे ‘जॉय टू द वर्ल्ड’ घ्यावे, कारण त्याची पहिली ओळ म्हणजे तार षड्जापासून (वरच्या ‘सा’पासून) मध्य षड्जापर्यंतचे आठही शुद्ध स्वर, एकही न गाळता, उतरत्या क्रमाने. मुलांनी हे गाणे ऐकलेले असते, पण आपण रोज म्हणतो तो अवरोह आणि ही ओळ यांत फरक फक्त लांबीचा आहे, हे त्यांच्या लक्षात आलेले नसते. म्हणून आधी आठ स्वर समान लांबीने म्हणवून घ्यावेत, नंतर काही स्वर लांबवून आणि काही तोकडे करून म्हणावेत आणि कोणते गाणे तयार झाले ते मुलांनाच ओळखू द्यावे. मी शब्द अगदी शेवटी देतो.

पाच स्वरांचे राग शिकवायचे असतील तर नववर्षाच्या मध्यरात्री अनेक देशांत गायले जाणारे ‘ऑल्ड लँग साइन’ हे स्कॉटलंडचे गीत फार उपयोगी पडते. त्याचे आज प्रचलित असलेले शब्द रॉबर्ट बर्न्स यांनी १७८८ मध्ये लिहून पाठवले होते आणि चाल जुन्या लोकधुनेची आहे. त्या चालीत मध्यम आणि निषाद नाहीत. उरतात ते सा, रे, ग, प, ध, म्हणजे आपल्या भूप रागाचेच स्वर. सुरुवात मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमावरून होते: प, सा, सा, सा, ग, रे, सा, रे, ग. हे एकदा फळ्यावर लिहिले आणि शेजारी भूपाचा आरोह-अवरोह लिहिला की वर्ग आपणहून दोन्हींची तुलना करू लागतो. तेच स्वर असूनही गाणे भूपासारखे का वाटत नाही, हा प्रश्न आठवीच्या मुलांना जरूर विचारावा. भूपात कोणत्या स्वरांवर थांबतात, कोणत्या स्वरसंगती पुन्हा पुन्हा येतात आणि या गीतात गायक कुठे थांबतो, एवढे पाहिले तरी राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे हे व्याख्या न सांगता पोचते.

तिसरे उदाहरण ‘जिंगल बेल्स’चे. ते बालिश वाटते ही तक्रार मला मान्य आहे, परंतु ते गायला न देता खोलून पाहायला दिले तर त्याच वयाची मुले त्यात रमतात. धृवपदाची संपूर्ण चाल सा ते प या पाच स्वरांत बसते. ती मुलांनी की-बोर्डवर पांढरी एक (सी) षड्ज धरून वाजवावी आणि मग दुसऱ्या फेरीत फक्त गंधार बदलावा: पांढरी तीनच्या जागी काळी दोन. चाल तीच, लय तीच आणि बोटही जवळपास तिथेच असते, तरी एका पट्टीच्या फरकाने गाण्याचा चेहरामोहरा पालटतो. शुद्ध आणि कोमल यांतला भेद कानाला इतक्या लख्खपणे कळण्याचे याहून सोपे साधन मला तरी ठाऊक नाही. मात्र शुद्ध गंधार म्हणजे आनंद आणि कोमल गंधार म्हणजे दुःख असे समीकरण शिकवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. हनुक्का या ज्यू सणाची कितीतरी आनंदी गाणी कोमल गंधाराची आहेत. त्यांतले एखादे लगेच ऐकवले तर मुलांचा तो समज घट्ट होण्याआधीच सुटतो.

सातवी-आठवीच्या वर्गाला एक माहिती आवडते, म्हणून सांगून ठेवतो. ‘जिंगल बेल्स’ हे गाणे अमेरिकेत १८५७ मध्ये वेगळ्या नावाने छापले गेले, त्याच्या शब्दांत नाताळचा उल्लेख कुठेही नाही आणि डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ या यानातल्या अंतराळवीरांनी ते अवकाशातून हार्मोनिका आणि छोट्या घंटांवर वाजवून दाखवले होते. नाताळचे नाव नसलेले गाणे नाताळचे कसे झाले असेल, या प्रश्नावर मुले उत्तम बोलतात आणि सणाचे संगीत कशाने ठरते, या मुद्द्याकडे त्यातून सहज जाता येते.

उत्तर २

मी समूहगान शिकवते, म्हणून फक्त आवाजाबद्दल लिहिते.

या वयात मुलग्यांचा स्वरयंत्राचा आकार वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि काही काळाने आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मधल्या काळात आवाजाचा विस्तार आक्रसतो, काही स्वर एखाद्या दिवशी लागतात आणि दुसऱ्या दिवशी लागत नाहीत. मुलींचा आवाजही थोडा उतरतो आणि काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखा फुसका नाद येतो; याकडे आपले लक्ष कमी जाते, कारण तो मुलग्यांइतका ठळकपणे फुटत नाही. मागच्या बाकावर जाणाऱ्या मुलाला गाण्याचा कंटाळा आलेला असतोच असे नाही. आपला सूर कुठे लागेल याची त्याला खात्री नसते आणि ती सगळ्यांसमोर तपासून पाहायची त्याची तयारी नसते.

म्हणून सणाचे गाणे निवडताना ते किती प्रसिद्ध आहे यापेक्षा त्याचा विस्तार किती आहे ते आधी पाहावे. ‘सायलेंट नाइट’ हे नाताळगीत याचे चांगले उदाहरण आहे. १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या गावच्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा गायले गेले, तेव्हा दोन आवाज आणि साथीला एक गिटार एवढाच सरंजाम होता. त्याची लय पाळण्यासारखी झुलणारी आहे आणि ते ऐकायला अतिशय सोपे वाटते. प्रत्यक्षात त्याची चाल मध्य षड्जापासून तार मध्यमापर्यंत जाते. आवाज फुटत असलेल्या मुलाला एवढा पल्ला एका दमात पेलणे कठीण असते आणि शेवटच्या ओळीच्या आधीचा तो वरचा स्वर आला की निम्मा वर्ग गप्प होतो. ते गाणे घ्यायचेच असेल तर वरची ओळ ज्यांना झेपते त्यांना द्यावी आणि बाकीच्यांना खालच्या दोन-तीन स्वरांत फिरणारी साथीची ओळ द्यावी.

सा ते प एवढ्याच विस्ताराचे गाणे मात्र पांढरी एक किंवा पांढरी दोन या पट्टीत घेतले तर मुली आणि आवाज न फुटलेली मुले मध्य सप्तकात, तर आवाज उतरलेली मुले खालच्या सप्तकात तीच चाल आरामात गाऊ शकतात. ज्यांचा आवाज मध्येच अडकला आहे त्यांना नुसता षड्ज आणि पंचम आलटून-पालटून धरायला सांगावे. ती कमी दर्जाची कामगिरी नव्हे. तो आधारस्वर ढळला तर सगळे गाणे ढळते, हे एकदा प्रयोग करून दाखवले की मुले ती जागा जबाबदारीने सांभाळतात.

प्रत्येकाचा आवाज दर काही आठवड्यांनी एकेकट्याने, दोन मिनिटे बाजूला बोलावून तपासावा आणि त्याप्रमाणे त्याची ओळ बदलावी. कार्यक्रमापुरते ओठ हलव, असे कोणत्याही मुलाला कधीही सांगू नये. हे वाक्य माणसे आयुष्यभर विसरत नाहीत आणि पुन्हा गायला धजत नाहीत.

उत्तर ३

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु दोन्हींत गाणे मध्यभागी आहे. सणाच्या संगीतातला मोठा भाग गळ्यातून येत नाही, तो पायांतून आणि हातांतून येतो. मिरवणुकीचे संगीत, नाचाचे संगीत, गर्दीला एका लयीत चालवणारे संगीत. ज्या वर्गात आवाजाची अडचण आहे तिथे किमान अर्धे तास तालाला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्राझीलच्या कार्निव्हलमधला सांबा घ्या. त्याची मोजणी दोन मात्रांची आहे, इतकी साधी. पण त्यातला सर्वांत मोठा आणि खोल आवाजाचा ढोल, ज्याला सुर्दो म्हणतात, तो आपला वजनदार ठोका दुसऱ्या मात्रेवर देतो. पहिल्या मात्रेवर दुसरा, थोडा वरच्या आवाजाचा सुर्दो त्याला उत्तर देतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जोर देण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे सुरुवातीला अतिशय अवघड जाते आणि म्हणूनच ते शिकवण्यासारखे आहे. ढोल नसतील तर काही अडत नाही. एका गटाने पहिल्या मात्रेवर मांडीवर हलकी थाप द्यावी, दुसऱ्या गटाने दुसऱ्या मात्रेवर पाय आपटावा आणि तिसऱ्या गटाने डबीत थोडे दाणे घालून एका मात्रेत चार वेळा ती हलवत राहावी. लय संथ ठेवावी. पहिला गट हळूहळू पाय आपटणाऱ्यांबरोबर ओढला जातो, ते झाले की थांबावे, श्वास घ्यावा आणि पुन्हा सुरू करावे. दोन्ही ठोके आपापल्या जागी स्थिर झाले की वर्गात जो डौल येतो तो मुलांना सांगावा लागत नाही.

याच्या जोडीला मी होरी-धमार ठेवतो. होळीचे वर्णन करणाऱ्या धृपद अंगाच्या रचना धमार तालात गायल्या जातात. त्याच्या चौदा मात्रा पाच, दोन, तीन आणि चार अशा विभागलेल्या आहेत. टाळ्या पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या मात्रेवर, तर खाली (टाळी न देता हात उघडण्याची जागा) आठव्या मात्रेवर. यातली गंमत अशी की समेवरचा बोल ‘क’ हा बंद आणि कोरडा आहे, आणि घुमणारा ‘धा’ येतो तो सहाव्या मात्रेवर. डोळे मिटून ऐकणाऱ्या मुलाला ‘धा’ हीच सम वाटते. सांब्यातला मोठा ढोल आणि धमारातला ‘धा’, दोन्ही ठिकाणी वजन अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी पडते. एकमेकांपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन उत्सवांच्या तालांत हे साम्य दिसावे, याचे मला दर वेळी नवल वाटते आणि मुलांनाही वाटते.

धमार सहावीला जड जाईल, ही शंका रास्त आहे. सहावीला दीपचंदी द्यावा. त्याही मात्रा चौदाच, पण विभाग तीन, चार, तीन, चार असे समतोल असल्यामुळे चालत चालत मोजता येतात, आणि ठुमरी अंगाच्या होऱ्या त्यातच गायल्या जातात. सातवी-आठवीला धमार वाजवायचा नाही, केवळ हातावर धरायचा आणि बोल म्हणायचे. तेवढे पुरेसे आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आधी सांगीतिक उद्दिष्ट आणि मग गाणे, हा क्रम मला पटला आणि पुढच्या सत्राची आखणी मी तशीच करणार आहे. सांबा आणि धमार यांची जोडी तर मी लगेच वर्गात घेऊन पाहीन.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. पहिली श्रद्धेबद्दलची. एका पालकांनी मला अतिशय नम्रपणे सांगितले की त्यांच्या घरात इतर धर्मांची स्तुतिगीते गायली जात नाहीत आणि मुलाला अशा वेळी बाहेर बसू द्यावे. मुलाला बाहेर बसवणे मला बरे वाटत नाही. दुसरी, एका सहकाऱ्यांनी ‘श्चेद्रिक’ हे युक्रेनचे गीत समूहगानासाठी सुचवले आहे. ते या वयाला झेपेल का?

उत्तर ४

श्रद्धेच्या प्रश्नावर लिहितो, कारण मी बहुभाषिक आणि बहुधर्मीय वर्गांत बराच काळ शिकवले आहे.

संगीताबद्दल शिकणे आणि संगीतातून उपासना करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि शिक्षकाने आपण कोणती करत आहोत हे स्वतःशी आणि पालकांशी स्पष्ट ठेवावे. एखाद्या स्तोत्राची स्वररचना ऐकणे, त्याचा ताल मोजणे, ते कोणत्या प्रसंगी आणि कोण गाते हे समजून घेणे याला बहुतेक पालकांची हरकत नसते. हरकत असते ती स्तुतीचे शब्द मुलाच्या तोंडी घालण्याला आणि ती आपण आदराने मान्य करावी. काही पंथांत सण साजरेच केले जात नाहीत. यहोवाचे साक्षीदार नाताळ पाळत नाहीत हे अनेक शिक्षकांना माहीत नसते. काही मुस्लिम घरांत वाद्यवादनाबद्दल निराळी भूमिका असते, तर काहींत मुळीच नसते. म्हणून नावावरून अंदाज बांधू नये, सत्राच्या सुरुवातीलाच काय घेणार आहोत ते कळवावे आणि पालकांना बोलायला जागा द्यावी. ऐन कार्यक्रमाच्या आठवड्यात हा विषय निघाला की त्याचा सगळा भार मुलावर येतो.

मुलाला बाहेर बसवू नये, या आपल्या भावनेशी मी पूर्ण सहमत आहे. उपाय असा की पर्याय त्याच तासात आणि त्याच उद्दिष्टाचा असावा. वर्ग अवरोह शिकत असेल तर तो मुलगा अवरोहच शिकेल, फक्त दुसऱ्या चालीवर. शब्दांऐवजी सरगम म्हणणे हाही एक मार्ग आहे, पण तो सरसकट वापरू नये. ज्यांच्यासाठी ते शब्द पवित्र आहेत त्यांच्या गाण्यातून शब्द काढून टाकणे हाही एक प्रकारचा अनादर ठरू शकतो. आणि एक कटाक्षाने टाळावे: एखाद्या मुलाला, आता तू तुमच्या सणाबद्दल सांग, असे वर्गासमोर उभे करू नये. त्याला स्वतःहून सांगायचे असेल तर ती गोष्ट वेगळी.

माझ्या वर्गात सर्वांत यशस्वी ठरणारा उपक्रम मात्र कोणत्याच प्रत्यक्ष सणाचा नाही. आधी चार-पाच परंपरांचे सणसंगीत ऐकून झाले की प्रत्येक गटाने एक काल्पनिक सण निर्माण करायचा आणि त्याचे संगीत रचायचे. सण कशाचा आहे, लोक चालत येतात की बसून राहतात, दिवस आहे की रात्र, सगळे गातात की एकजण गातो आणि बाकीचे उत्तर देतात, हे आधी ठरवायचे आणि मग प्रत्येक निर्णयाला सांगीतिक रूप द्यायचे. रात्री पहिला पाऊस पडल्यावर साजरा होणारा सण एका गटाने रचला होता. त्यांनी बोटांच्या टिचक्यांनी सुरुवात केली, मग मांडीवर थापा, आणि पूर्ण गट गाऊ लागला तेव्हा मुद्दाम आवाज चढवला नाही, कारण घरातली लहान मुले झोपलेली आहेत असे त्यांनी ठरवले होते. गाण्यात तीनच स्वर होते. लय, नादाचा लहानमोठेपणा आणि रचनेचा क्रम यांचा इतका नेमका विचार एरवी पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांतून त्या मुलांनी केला नसता. मूल्यमापनही सोपे जाते, कारण आपण ठरवलेली गोष्ट संगीतात ऐकू येते का, एवढेच विचारायचे असते. ज्या घरांत सण पाळले जात नाहीत तिथेही शक्यतो याला अडचण येत नाही. तरी पालकांना आधी विचारून घ्यावे आणि हवे तर सणाऐवजी ‘एखादा प्रसंग’ असे म्हणावे.

उत्तर ५

थोडक्यात एक भर घालते. आवाज बसलेल्या किंवा दमलेल्या वर्गासाठी ऐकण्याचा तास राखून ठेवावा. चायकोव्हस्की यांच्या ‘नटक्रॅकर’ या नाताळच्या रात्रीच्या कथेवरील नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग डिसेंबर १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला. त्यातल्या एका नृत्यात त्यांनी सेलेस्टा हे तेव्हा अगदी नवे असलेले वाद्य वापरले. दिसायला छोट्या पियानोसारखे, पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या असलेले. ते नृत्य आधी काहीही न सांगता लावावे आणि हा आवाज तारेचा, फुंकीचा की धातूचा, एवढा एकच प्रश्न द्यावा. त्याच नृत्यात खालून बास क्लॅरिनेटची उतरती ओळ येते. दुसऱ्या वेळी फक्त ती ऐकायला सांगावी. एका वेळी एकच गोष्ट ऐकायला दिली की या वयाची मुले आश्चर्यकारक बारकाईने ऐकतात. दहा प्रश्नांची पत्रिका दिली की लिहिण्यातच गुंततात.

उत्तर १ (पुन्हा)

‘श्चेद्रिक’बद्दल. झेपेल, आणि आपल्या वर्गासाठी ते विशेष योग्य आहे; मात्र मूळ चार आवाजांची संपूर्ण रचना घेऊ नये.

मिकोला लेओन्तोविच यांची ही समूहगान-रचना १९१६ मध्ये कीव येथे पहिल्यांदा गायली गेली. मूळ लोकगीत नववर्षाचे आहे: एक पाकोळी घरात उडून येते आणि येणारे वर्ष भरभराटीचे जाईल असे घरधन्याला सांगते. नाताळशी त्याचा संबंध पुढे १९३६ मध्ये लिहिल्या गेलेल्या इंग्रजी शब्दांमुळे जुळला. कार्यक्रमाचे चित्रीकरण करून ते सार्वजनिक करणार असाल तर ते इंग्रजी शब्द वापरण्याआधी हक्कांची चौकशी करावी. जुनी चाल मुक्त असली तरी तिच्यावर नंतर बसवलेले शब्द आणि स्वरमांडणी मुक्त असतीलच असे नाही.

संपूर्ण रचना एका चार स्वरांच्या तुकड्यावर उभी आहे: कोमल ग, रे, कोमल ग, सा. मात्रा तीन. पहिली मात्रा कोमल गंधाराची, दुसऱ्या मात्रेत रे आणि कोमल ग अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे, तिसरी मात्रा षड्जाची. विस्तार षड्जापासून कोमल गंधारापर्यंत, बस. ज्यांचा आवाज अडकला आहे त्या मुलांना हा तुकडा हक्काने द्यावा, कारण वर इतर आवाज काहीही करत असले तरी हाच तुकडा फिरत राहतो आणि त्याच्याशिवाय गाणे उभे राहत नाही.

वर्गात घेताना पहिल्या तासाला संपूर्ण वर्गाने हा तुकडा सरगममध्ये म्हणावा, अगदी हळू आवाजात, आणि लय न वाढू देणे हेच त्या दिवशीचे काम मानावे. तो सतत फिरत असल्यामुळे लय पळते. दादऱ्याच्या सहा मात्रांच्या सवयीने काही मुले तुकड्यातल्या सहा अर्ध्या मात्रांचे दोन-दोनच्या जागी तीन-तीनचे गट ऐकू लागतात. तेव्हा एका मुलाला पहिल्या मात्रेवर झांज हलकेच वाजवायला सांगावे. दुसऱ्या तासाला वर्ग दोन गटांत विभागून एका गटाने तुकडा चालू ठेवावा आणि दुसऱ्याने त्याखाली लांब स्वर धरावा: तीन मात्रांचा षड्ज, पुढच्या फेरीला मंद्र कोमल निषाद, मग मंद्र कोमल धैवत आणि शेवटी मंद्र पंचम. आवाज उतरलेल्या मुलांचे गळे या उतरत्या ओळीत खुलतात. वरची चढती ओळ तिसऱ्या तासाच्या आधी आणू नये. ती आणताना आधी कोण गाणार ते न ठरवता, ज्यांना गाऊन पाहायची इच्छा आहे त्यांना हार्मोनियमजवळ बोलवावे आणि पट्टी त्यांच्या गळ्याप्रमाणे अर्ध्या-एका स्वराने वरखाली करून घ्यावी.

कार्यक्रमात ते सादर करायचे असेल तर गाण्याआधी दोन मुलांनी नुसता चार स्वरांचा तुकडा श्रोत्यांना गाऊन दाखवावा आणि तो रचनेत कुठे कुठे ऐकू येतो ते शोधायला सांगावे. पालकांनाही त्यामुळे ऐकायला काहीतरी मिळते.